एका वेळी एकच ओळ

आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळं वेळेवर होत होतं. त्या दिवसांबद्दल मला खात्रीनं एवढंच सांगता येतं. लोणखेड्याच्या घरी पहाटे शेतातली मोटर सुरू झाली की काका पपईला पाणी धरायला जायचे, काकू चूल पेटवायची, आप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात खाकरत दात घासायचे. मीही उठायचे, केस विंचरायचे, समोर येईल ते खायचे. कुणी विचारलं तर हसायचेसुद्धा. फक्त कशाचं काही वाटायचं नाही. रडू यावं म्हणून आईचं लुगडं पेटीतून काढून मी एकदा मांडीवर घेऊन बसले, तर मनात आलं की याची एक कड उसवली आहे, टाका घालायला हवा. टाका घातला आणि लुगडं परत ठेवून दिलं.

चैत्र नुकताच सरला होता, बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस होते. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात रटरट शिजायचं, काकू लाकडी दांड्यानं ते घोटायची आणि तो दांडा पातेल्याच्या काठाला लागून सबंध सकाळ टकटक वाजत राहायची. गच्चीवर जुनी धोतरं अंथरून आम्ही ओल्या हातांनी बिबडे थापायचो. अर्धवट वाळलेला बिबडा कच्च्या तेलाशी आणि शेंगदाण्यांशी खायचा असतो, आणि दर वर्षी पहिला बिबडा मीठ बघायला आईच्या हातात जायचा. त्या वर्षी काकूनं तो माझ्या हातात दिला. मी खाल्ला. मीठ कसं आहे म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मला सांगता येईना, कारण मी खाताना तिकडे लक्षच दिलं नव्हतं. काकू म्हणाली, "असं नको करू वं पोरी. दोन दिवसवर आखाजी शे. तुन्ही मायनी घागर भरनी शे आपले." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, खापरावरच्या पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मी बरं म्हटलं. मला घागरीचंही काही वाटलं नाही.

आता मागं वळून बघताना त्या मुलीचा, म्हणजे माझाच, मला राग येतो, आणि तिच्या वयाच्या माझ्या भाचीला असं गप्प गप्प पाहिलं की भीती वाटते. पण तो विषय वेगळा.

आप्पांचा शहाद्याला टायपिंगचा क्लास होता. एका गाळ्यात अकरा टाइपरायटर, भिंतीवर बोटांच्या जागा दाखवणारा तक्ता, आणि दर तासाला येणारी दहा-बारा पोरंपोरी. माझं बालपण त्या खडखडाटात गेलं. ओळ संपत आली की यंत्राची घंटी टिंग करून वाजायची, डावा हात उचलून दांडी ढकलायची, गाडा सरकन मागं यायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायची. अकरा यंत्रांच्या घंट्या वेगवेगळ्या वेळी वाजायच्या. आप्पा डोळे मिटून बसलेले असले तरी कुणाची घंटी वाजली आणि गाडा मागं गेला नाही, हे त्यांना कळायचं. मग ते ओरडायचे, "कोन झोपनं रे तठे?" पुढं यंत्रांवर कापडं पडली, पोरं येईनाशी झाली, आणि आप्पांनी तीन जुने कॉम्प्युटर आणून बाहेरची कामं टाइप करून द्यायला सुरुवात केली. तेव्हा मी कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून घरी बसले होते. लग्नाचं बोलणं आईच्या आजारपणात राहून गेलं होतं आणि ते पुन्हा काढायला कुणाला धीर होत नव्हता. म्हणून मी आप्पांबरोबर गाळ्यात जाऊन बसायचे.

त्या वर्षी आमच्याकडे जबाबांचं काम होतं. नर्मदेच्या काठची गावं, मणिबेली आणि तिच्या आसपासची, धरणाच्या पाण्यात गेली होती. पाणी चढत होतं त्या वर्षांत एका संस्थेच्या लोकांनी नावेतून हिंडून घरोघरचे जबाब लिहून घेतले होते. घर कुठं होतं, शेत किती, घरात माणसं कोण, कुणाची चूल वेगळी. खाली अंगठा. ते कागद वाळवीनं खायच्या आत टाइप करून ठेवायचे होते. आप्पा टाइप करायचे, टाइप करून झालेल्या मूळ कागदांचे गठ्ठे दोरी बांधून कपाटावर ठेवायचे, आणि कुणी चिठ्ठी घेऊन आलं की त्यातलं नेमकं हवं ते शोधून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

या शोधण्याचा मला गर्व होता. तेवढीच एक गोष्ट त्या दिवसांत माझ्या आत हलत होती, असं म्हटलं तरी चालेल. एका कॉम्प्युटरवर मी फुकट मिळणारी दुसरी प्रणाली बसवली होती. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. तिथं ग्रेप नावाची आज्ञा द्यायची, पुढं जे शोधायचं त्याचा साचा लिहायचा, आणि सगळ्या फाईलींमधून त्या साच्यात बसणाऱ्या ओळी पडद्यावर उमटायच्या. साच्यात टिंब दिलं तर तिथं कुठलंही एक अक्षर चालतं. चांदणी दिली तर तिच्याआधीचं कितीही वेळा. टिंब आणि चांदणी शेजारी ठेवली की अर्थ होतो, मधे काहीही असू दे. कॉलेजात सरांनी हे शिकवलं तेव्हा अर्धा वर्ग डुलक्या घेत होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, इतकं ते आवडलं होतं. सर म्हणाले होते, हे साधन मोठं वेगवान आहे, पण ते एका वेळी एकच ओळ बघतं. मी ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. लाल रेघ मारली की माणसाला वाटतं, आता हे आपल्याला कळलं.

संस्थेचे लोक आले की आप्पा त्यांना खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. "मन्ही पोर टिचकी वाजाडस आनि नाव निंघस." ती टिमकी मलाही गोड लागायची. आईच्या आजारपणात आम्ही दोघांनी एवढे दवाखाने आणि एवढे कागद केले होते, आणि त्यातल्या एकाही कागदानं हवं ते उत्तर दिलं नव्हतं. इथं निदान विचारलं की उत्तर यायचं.

आखाजीच्या दोन दिवस आधी, म्हणजे काकूनं मिठाचं विचारलं त्याच दिवशी दुपारी, दामज्या आला. चाळिशीचा असेल, काटक, खांद्यावर पंचा, पायात टायरच्या चपला. पहाटे नावेनं निघाला होता, मग जीपनं अक्कलकुव्याला आणि तिथून एसटीनं शहाद्याला. आश्रमशाळेत चार यत्ता शिकलेला. घरी त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी तो जपून, एकेक शब्द ठेवत, शाळेतली मराठी बोलत होता. त्यानं घडी घातलेली चिठ्ठी दिली. उद्या अकरा वाजता अक्कलकुव्याला त्याची सुनावणी होती. पाणी आलं तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं आणि चूल वेगळी होती, हे दाखवता आलं तर त्याला त्याच्या नावानं जमीन मिळणार होती. नाही तर तो धाकट्या भावाच्या घरातला म्हणून धरला जाणार होता, आणि भावाला मिळालेल्या तुकड्यावर दोन्ही घरांनी पोट भरायचं होतं.

"माझ्या बापानं सांगितलेलं आहे," तो म्हणाला. "मी बाजूला बसलो होतो. दामज्याची चूल वेगळी, असं बाप बोलला. त्यांनी लिहिलं. बाप आता नाही."

"कुठल्या गावाच्या यादीत?" मी विचारलं.

"ते नाही माहीत. घर बुडालं तेव्हा आम्ही वर मामाच्या पाड्यात होतो. तिथं सांगितलं की खाली सांगितलं, आता कसं समजणार?"

मी खुर्ची पुढं ओढली. नुसतं दामज्या शोधलं तर पडदा भरून ओळी वाहून गेल्या. त्या काठावर घराआड एक दामज्या असतो. मग मी साचा लिहिला: दामज्या, टिंब, चांदणी, चूल. म्हणजे ज्या ओळीत आधी दामज्या आहे आणि पुढं कुठंतरी चूल आहे, ती ओळ दाखव. दामज्याऐवजी कुणी दामजी म्हटलं असेल म्हणून तीही सोय केली. चुलीऐवजी वेगळा, विभक्त, निराळा, हे सगळे शब्द घातले. साचा चांगला हातभर लांब झाला. स्वतःवर खूश होऊन मी एन्टर दाबला. काही आलं नाही. रेघ खालच्या ओळीत जाऊन लुकलुकत राहिली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"नाही," मी म्हटलं.

तो पडद्याकडे बघत होता. "पण मी बसलो होतो बाजूला."

"लिहायचं राहिलं असेल. इथं नाही."

आप्पा समोरच्या टेबलावरून म्हणाले, "कागदमा दखं का?"

"कॉम्प्युटरमा नही शे, ते कागदमा कोठून येई?" मी म्हटलं, जरा तुसडेपणानंच. कपाट माझ्या पाठीशी होतं. स्टुलावर चढलं असतं तर गठ्ठे हाताशी आले असते. दोन-तीन तासांचं काम होतं, धुळीचं, आणि बाहेर ऊन रणरणत होतं. एरवीची मी चढले असते. आई असताना मी कुणाला रिकाम्या हातानं दाराबाहेर जाऊ दिलं नसतं. पण त्या दिवशी मला त्या माणसाचं काहीही वाटलं नाही. वाईट वाटलं नाही, घाईही वाटली नाही. दामज्यानं चिठ्ठीची घडी पुन्हा घातली, माठातलं पाणी प्यायला, ग्लास उपडा ठेवला आणि एसटी स्टँडकडे निघाला. रात्री तो अक्कलकुव्याला नातेवाइकांकडे टेकणार होता. मी दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला आम्ही गाळा उघडला. आप्पांनी उदबत्ती लावली आणि कालचं राहिलेलं पान टाइप करायला घेतलं. माझं काम अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून मी नुसती बघत बसले होते. आप्पांची बोटं बघायला मला लहानपणापासून आवडतात. बघता बघता एक गोष्ट दिसली. थोड्या थोड्या वेळानं त्यांचा डावा हात टेबलावरून इंचभर उचलला जायचा, तिथं नसलेल्या दांडीकडे, आणि मग उजव्या हाताची करंगळी एन्टर दाबायची. ओळ पुरी भरायच्या आधी. वाक्य संपलेलं असो की नसो.

"आप्पा, दर ओळीले एन्टर कसाले मारतस?"

"घंटी वाजनी का ओळ बदलनी. चाळीस वरीस तेच शिकाडं ना मी." ते हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. "आते घंटी नही शे, पन हातले कोन सांगी?"

कॉम्प्युटरवर ओळ भरली की तो स्वतःच खाली जातो, त्याला हात लावावा लागत नाही. पण एन्टर दाबला की तिथं ओळ खरोखर तुटते. माझं साधन एका वेळी एकच ओळ बघत होतं, आणि आप्पांनी हजारभर पानांची प्रत्येक ओळ घंटीच्या जागेवर तोडलेली होती. दामज्या एका ओळीत राहिला आणि चूल पुढच्या ओळीत गेली, की माझ्या हातभर साच्याला ती दोघं कधीच भेटणार नव्हती. कॉम्प्युटर चालू केला. साच्यात डॉलरचं चिन्ह दिलं की त्याचा अर्थ ओळीचा शेवट असा होतो. ज्या ओळीच्या शेवटी दामज्या आहे ती ओळ दाखव, आणि तिच्या खालची ओळही दाखव, असं मी लिहिलं. तीन ठिकाणं निघाली. दुसरं ठिकाण वरच्या पाड्याच्या फाईलीत होतं. पहिली ओळ संपत होती, माझा थोरला मुलगा दामज्या. खालची ओळ सुरू होत होती, याची चूल चार पावसाळ्यांपासून वेगळी आहे.

स्टुलावर चढून त्या पाड्याचा गठ्ठा काढला. कागद दहा मिनिटांत सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसासुद्धा मी घातला नव्हता, बसल्या जागी नाही म्हणून मोकळी झाले होते. आप्पा म्हणाले, "कागदमा व्हतं ना? म्हनीसन म्हनं व्हतं मी." मी हो म्हटलं. त्यांच्या करंगळीबद्दल मी त्यांना पुढंही कधी सांगितलं नाही. दुपारी ते वामकुक्षी घेत तेव्हा एकेक फाईल उघडून तुटलेल्या ओळी मी गुपचूप जोडत गेले. त्यात सबंध पावसाळा गेला. टायपिस्टनं आपल्या विद्येप्रमाणे टाइप केलं होतं. नाही हा शब्द मी उच्चारला होता.

साडेनऊची अक्कलकुवा गाडी मिळाली. तळोद्याला ती अर्धा तास थांबली, ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, आणि मी कागद ओढणीत धरून खिडकीशी बसून राहिले. खाली उतरून त्याला लवकर चला म्हणावं, हेही मला सुचलं नाही. पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली माणसं बसली होती. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकेच्या, टेबलावरच्या माणसानं रजिस्टर उघडून दाखवलं. दामज्याचं नाव अकरालाच पुकारलं होतं. नावापुढं लिहिलं होतं, पुरावा सादर केला नाही. मी कागद पुढं केला. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद पूर्ण वाचला, अंगठा बघितला आणि परत दिला. "काल आणला असता तर काही अडचण नव्हती. आज अकराच्या आत आणला असता तरी चाललं असतं. आता अपील करा."

अपिलाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात मला रस नाही. दामज्याचं नाव लागलं. जमीन मिळाली. पण त्याला दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत तो आणि त्याची बायको गुजरातेत ऊसतोडीला जात राहिले, पोरीची शाळा सुटली ती सुटलीच. नंतर लोक मला म्हणाले, मिळाली ना शेवटी. त्या पोरीचं नाव मला माहीत आहे.

तर त्या दिवशी दामज्या मला कचेरीच्या मागच्या पायरीवर सापडला. परतीची जीप दोनला सुटणार होती. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला आणि बापाच्या अंगठ्याच्या निळ्या डागावर स्वतःचा अंगठा हलकेच ठेवला.

"वाचता का?" तो म्हणाला.

मी उभ्यानंच वाचलं. घर मातीचं, कुडाचं, बारा खांबांचं. शेत नदीला लागून. माझा थोरला मुलगा दामज्या याची चूल चार पावसाळ्यांपासून वेगळी आहे. तो वेगळा राहतो पण मासे मिळाले की पहिला वाटा त्याची बायको इकडे आणून देते. ती नाही आली तर मी जेवायला थांबतो. ही शेवटची दोन वाक्यं पुराव्याच्या काही कामाची नव्हती. लिहून घेणाऱ्यानं का कोण जाणे, तीही लिहून घेतली होती. दामज्या खाली मान घालून ऐकत होता. वाचताना माझ्या मनात आलं की माझ्या आईचं एक वाक्यसुद्धा कुठल्या फाईलीत नाही. कुठलाही साचा लिहिला तरी ती निघायची नाही.

"काल तुम्ही पाहिलं होतं ना, ताई?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"पाहिलं होतं."

"मग काल हे कुठं होतं?"

एसटीत बसून मी याचं उत्तर तयार केलं होतं. ओळी, घंटी, एन्टर, सगळं सोपं करून सांगणार होते. ते सगळं खरंही होतं.

"कपाटावर होतं," मी म्हटलं. "माझ्या पाठीमागं. मी उठले नाही."

तो पायरीवर जरा सरकला आणि कागद माझ्याकडे परत केला.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला. "बापाचं बोलणं आहे. बसून वाचा."

मी बसले आणि वाचू लागले. मासे मिळाले की, इथपर्यंत आले आणि अडले. आई गेल्यापासून जे आलं नव्हतं ते आलं, परक्या गावात, कचेरीच्या मागच्या पायरीवर, नाक, डोळे, सगळं वाहायला लागलं, आणि कागदावर पडू नये म्हणून मी तो लांब धरून बसले. दामज्यानं तो माझ्या हातातून घेतला नाही. मी पुढचं वाचेपर्यंत तो थांबला.